सत्तावीस म्हणजे नक्की काय?

या खेपेला सात पत्रं आली. त्यातली चार रजिस्टरांविषयी निघाली, ती एकत्र घेते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत कोणतं पाणी घालावं, हे पुढच्या अंकात. तोवर नळाचं घालू नका.

प्रश्न : माझी नात इथेच बडोद्यात एका कंपनीत इंजिनिअर आहे. संध्याकाळी "आज काय केलंस?" विचारलं की म्हणते, "आजोबा, दिवसभर रजिस्टरं साफ केली." मी आयुष्यभर शाळेत हजेरीची रजिस्टरं भरली. कॉम्प्युटर इंजिनिअरला ही कामं कधीपासून देऊ लागले? — एक निवृत्त शिक्षक, बाबाजीपुरा

उत्तर : मास्तर, तिचीही रजिस्टरं हजेरीचीच आहेत. फक्त पान लहान. एका ओळीत आठ, सोळा, बत्तीस असे मोजके रकाने, त्यांना बिट म्हणतात, आणि प्रत्येकात हजर किंवा गैरहजर, म्हणजे १ किंवा ०. रजा, उशिरा आला, असलं काही नाही. फरक इतकाच की तुम्ही 'हजर' मांडलं म्हणून मुलगा बाकावर उगवत नसे. चिपच्या रजिस्टरात रकान्यात १ लिहिला की ती गोष्ट त्या क्षणी घडते : मोटर सुरू होते, दिवा लागतो, तारेवरून अक्षर निघतं. काही रकाने चिप स्वतः भरते, आपण नुसते वाचायचे.

उदाहरण देते. १६५५० नावाची एक जुनी सीरिअल चिप आहे. एका यंत्राचं बोलणं तारेवरून दुसऱ्या यंत्राला पोचवणारी. तिच्या एका आठ रकान्यांच्या रजिस्टराचं नाव लाइन कंट्रोल. रकाने उजवीकडून आणि शून्यापासून मोजायचे. शून्य आणि एक हे दोन मिळून ठरवतात की एका अक्षराला बिट किती. दोन्ही १ असले तर आठ. तिसऱ्या क्रमांकाचा रकाना म्हणजे पॅरिटी, म्हणजे ताळा, लावायचा की नाही. चौथा म्हणजे ताळा सम की विषम. आता आठ बिट, ताळा लावलेला, तोही सम, असं हवं असेल तर ०, १, ३ आणि ४ हे रकाने हजर. रकान्यांची किंमत उजवीकडून दर वेळी दुप्पट होते, म्हणून या चारांच्या किमती १, २, ८ आणि १६. बेरीज २७. प्रोग्रॅममध्ये कुणी नुसतंच '२७' लिहून ठेवतं आणि दहा वर्षांनी दुसरा कुणी त्याच्याकडे बघत बसतो. तुमची नात बहुधा अशा सत्तावीसांना नावं देत असते. तिला आज सत्तावीसबद्दल विचारून बघा.

प्रश्न : मी मांजलपूरला राहते, तीन वर्षांपासून लिनक्सचे ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारे प्रोग्रॅम, लिहिते. आमच्या नेटवर्क चिपच्या ड्रायव्हरची हेडर फाइल, म्हणजे रजिस्टरांची नावं आणि आकडे असलेली फाइल, ९०० ओळींची आहे. प्रत्येक फील्डला, म्हणजे मिळून एक अर्थ असलेल्या बिटांच्या गटाला, तीन ओळी : एक शिफ्ट (कितव्या बिटापासून), एक मास्क (कोणते बिट), एक किंमत बसवणारा मॅक्रो (कोडच्या तुकड्याला दिलेलं नाव). आठवडाभर बसून मी सगळं लिनक्सच्या बिट, जेनमास्क आणि फील्ड_प्रेप या तयार मॅक्रोंवर आणलं. ३४० ओळी उरल्या. रिव्ह्यूला दिलं तर सीनिअर म्हणाले, "चाले छे ने, चालवा दो" (चालतंय ना, चालू दे), आणि न वाचता परत केलं. ताई, हे काम आहे की नुसती झाडलोट? आणि ज्या व्याख्या कुठेच वापरलेल्या नाहीत त्या काढू की ठेवू? — नाव छापू नये ही विनंती

उत्तर : आधी तुझ्या सीनिअरची बाजू घेते. ९०० ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांची यादी, एकगठ्ठा समोर आला असता तर मीही वाचला नसता. शेव-उसळ खायला गेले असते.

आता तुझी बाजू. "फायदा काय?" याला तू "५६० ओळी कमी झाल्या" असं उत्तर दिलं असणार. ते लंगडं आहे. हेडरच्या ओळी कमी झाल्यानं चिप वेगानं धावत नाही, मेमरीचीही बचत होत नाही. न वापरलेल्या मॅक्रोचा तयार प्रोग्रॅममध्ये मागमूससुद्धा राहत नाही. प्रश्न विचारायचा तो हा की डेटाशीटमधली, म्हणजे चिपवाल्यांच्या माहितीपुस्तकातली, एक गोष्ट कोडमध्ये किती ठिकाणी लिहिली आहे. एकाहून जास्त ठिकाणी असेल तर त्या ठिकाणांचं कधी ना कधी भांडण होणार.

वर मास्तरांना सांगितलेलं सत्तावीस मी हवेतून काढलेलं नाही. मी मकरपुरा जीआयडीसीत एका मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नवी लागले, तेव्हा आमच्या यंत्रात हीच १६५५० होती आणि कोडमध्ये '२७' होतं, शेजारी एक शब्दाचीही टीप नाही. एका गिऱ्हाइकाच्या मीटरांना विषम ताळा हवा होता. म्हणजे चौथा रकाना गैरहजर. २७ वजा १६, अकरा. मी फाइलीत २७ शोधलं, तीन ठिकाणी सापडलं, तिन्ही बदललं, टेबलावर तपासलं, माल नंदेसरीच्या एका कारखान्यात लागला. दोन महिने उत्तम. मग एका रात्री तिथली वीज गेली, आली, आणि एकही मीटर बोलेना. सकाळी बसनं जाऊन पाहते तर यंत्र चालू, तारा जागच्या जागी, आणि प्रत्येक बाइटला पॅरिटीची चूक. वीज गेल्यावर पुन्हा सुरू होतानाच्या वाटेवर चौथं सत्तावीस होतं. ते लिहिणाऱ्यानं हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, लिहिलं होतं : १बी. सोळा अधिक अकरा. मी '२७' शोधत होते, ते मला कसं दिसणार? साहेबांनी सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली. हेक्समध्ये लिहिणारा तोवर नोकरी सोडून दुबईला गेला होता.

तुझ्या तीन ओळींतही असंच भांडण लपलेलं असतं. समज, 'मोड' नावाचं फील्ड चौथ्यापासून सातव्या बिटापर्यंत आहे. शिफ्ट ४. मास्क किती? एक जण जागेवर बसलेला मास्क लिहितो, २४०. दुसरा सरकवण्याआधीचा लिहितो, १५. दोघेही आपापल्या परीनं बरोबर. पण वाचणारा कोड जर 'आधी मास्क लाव, मग चारनं सरकव' असा असेल आणि मास्क १५ असेल, तर उत्तर नेहमी शून्य येतं. आणि शून्य हाही एक वैध मोड असतो! कुणाला कळत नाही. एकाच हेडरवर दोन हात फिरलेले असले की अर्धे मास्क असे, अर्धे तसे. तुझ्या ९०० ओळींत हे बघितलंस का? नसेल तर आधी बघ.

जेनमास्क(७, ४) लिहिलं की ही गोष्ट एकदाच लिहिली जाते. मास्क तोच, शिफ्ट त्यातूनच निघते : सगळ्यात खालचं १ कुठे आहे ते कंपायलर, म्हणजे कोडचा मशीन कोड करणारा प्रोग्रॅम, मोजतो. फील्ड_प्रेप (किंमत बसवणारा) आणि फील्ड_गेट (किंमत काढणारा) लिनक्समध्ये २०१६ साली आले, ४.९ या आवृत्तीत, आणि त्यांचा मला आवडणारा गुण वेगळाच आहे. चार बिटांच्या फील्डमध्ये तू थेट १६ बसवायला गेलीस तर बिल्ड तिथेच थांबतं. जुन्या मॅक्रोनं १६ मुकाट्यानं सरकवून २५६ केलं असतं आणि आठव्या बिटावर, म्हणजे शेजाऱ्याच्या घरात, दिवा लावून आला असता.

बिट(३१) चंही तसंच. 'एक डावीकडे एकतीस' असं हातानं लिहिलं की ती चिन्हासकट पूर्णांकाची किंमत होते, ऋण. ती ६४ बिटांच्या चलात मिसळली की वरचे ३२ बिटही भरून जातात. बिट मॅक्रो चिन्हाविना लाँग वापरतो, म्हणून ही भानगड टळते.

आता सीनिअरना पटवायचं कसं? वाद घालू नकोस, पुरावा दे. सफाईच्या आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे कंपायलरनं बनवलेली, ठेव, दोन्हींवर तिच्यातला मशीन कोड छापणारा ऑब्जडम्प चालव आणि डिफ, म्हणजे फरकांची यादी, काढ. फक्त हेडरमधल्या नावांचे आकडे नव्या रीतीनं लिहिले असतील तर मशीन कोड जसाच्या तसा निघायला हवा. डिफ रिकामा आला की पॅचच्या वर्णनात तसं लिही. मग रिव्ह्यू करणाऱ्याला प्रत्येक ओळ डेटाशीटशी ताडायची गरज उरत नाही. एक सावधगिरी : सी फाइलीतल्या ओळी वरखाली झाल्या तर वॉर्नसारखे इशारा देणारे मॅक्रो ओळीचा क्रमांक सोबत नेतात, आणि तेवढ्यानंही फरक दिसतो. तो सोड. पण त्याखेरीज कुठे फरक पडला, तर चहा घेऊन तिथेच बस. एकतर तू चुकलीस, नाहीतर जुना चुकला होता, नाहीतर ३२ बिटांचं ६४ झालं. तुझ्या आठवड्याभराच्या कामातून खरी मिळकत झालीच तर ती त्या चार-सहा ओळींत असेल.

जुना चुकलेला सापडला तर त्याची दुरुस्ती सफाईत मिसळू नकोस. वेगळा पॅच कर आणि तो सगळ्यांच्या आधी ठेव. जुन्या स्टेबल कर्नलांत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या अजून दुरुस्त होणाऱ्या जुन्या आवृत्त्यांत, ती दुरुस्ती मागे न्यावी लागेल, आणि नेणाऱ्यानं तुझी ९०० ओळींची झाडलोट खांद्यावर का वाहावी? मग एकेकटे बिट हा एक पॅच, फील्डं दुसरा, आणि चिपमध्ये चॅनल, म्हणजे एकसारखे भाग, असतील तर त्यांची पुनरावृत्ती तिसरा.

चॅनलांचं जरा जपून. समज, आठ चॅनल, प्रत्येकाची सहा रजिस्टरं, अशा ४८ ओळींच्या जागी चॅनल क्रमांक घेणारे सहा मॅक्रो करावेत हे योग्यच. पण आत 'एन गुणिले ३२' असं लिहिलंस आणि एनभोवती कंस घातला नाहीस, आणि कुणी 'आय अधिक १' पाठवलं, तर आय दोन असताना ९६ ऐवजी ३४ वर जाऊन पोचशील. आणि चौथा चॅनल पाचव्यासारखाच आहे का, हे डेटाशीटचं पान उलटून बघ. नाव सारखं असलं म्हणून अंतर सारखं असतंच असं नाही.

याच्याही पुढे जाऊन दोन हॅश लावून नावं जोडणारे मॅक्रो करू नकोस. दिसतात छान. पण मग पूर्ण नाव फाइलीत कुठेच उरत नाही, ग्रेपला, म्हणजे फाइलीत शब्द शोधणाऱ्या प्रोग्रॅमला, सापडत नाही, आणि आपण पुन्हा माझ्या १बी पाशी येतो.

तुझा दुसरा प्रश्न, वापरात नसलेल्या व्याख्या. इथे लोकांचं एकमत नाही. माझं मत सांगते. डेटाशीट कुणालाही मिळण्याजोगी असेल तर काढ. डेटाशीट गुप्ततेच्या कराराखाली असेल तर ठेव, कारण मग जगासाठी तुझं हेडर हीच डेटाशीट आहे. आणि जे हेडर यंत्रानं तयार केलेलं आहे त्याला हातानं शिवू नकोस. एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये अशा रजिस्टरांच्या हेडरांच्या दहा लाखांहून जास्त ओळी आहेत. त्या कुणी वाचण्यासाठी नाहीत.

आणि एक मोह टाळ. सारखे आकडे दिसले की एकत्र करायचा. १६५५० च्याच लिनक्समधल्या हेडरात आरएक्स, टीएक्स आणि डीएलएल या तिन्ही नावांची किंमत शून्य आहे. नवशिक्याला वाटतं, डुप्लिकेट! पण त्या पत्त्यावर वाचलं तर आलेलं अक्षर मिळतं, लिहिलं तर अक्षर बाहेर जातं, आणि लाइन कंट्रोलचा सातवा रकाना हजर असताना तोच पत्ता वेग ठरवणाऱ्या भाजकाचा होतो. १.८४३२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर तिथे १२ लिहिलं की वेग सेकंदाला ९६०० बिट, १ लिहिलं की १,१५,२००. आकडा एक, गोष्टी तीन, म्हणून नावंही तीन. तेच हेडर कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमांसाठीही आहे, यूएपीआयच्या फोल्डरमध्ये. तिथे बिट मॅक्रो मिळत नाही, तेव्हा त्यातले जुने हेक्स आकडे तसेच राहू देत.

नावं मात्र डेटाशीटमधलीच ठेव, अगदी विद्रूप असली तरी. मी एकदा चिपवाल्यांच्या पुस्तकातलं स्पेलिंग 'सुधारलं' होतं. मग पुढचे सहा महिने जो तो पुस्तकातलं नाव कोडमध्ये शोधायचा आणि माझ्या टेबलापाशी यायचा.

झाडलोट आहे का? आहे. सोमवारी तुकडे करून पाठव, आणि सगळ्यात वर तो रिकामा डिफ ठेव.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मास्क-शिफ्टची ही सगळी कसरत कशाला? सी भाषेत स्ट्रक्टमध्ये कोलन देऊन बिटफील्ड करता येतात. 'मोड : ४' लिहिलं की काम झालं. आमच्या पुस्तकातही तसंच आहे. — एक विद्यार्थी, वाघोडिया रोड

उत्तर : दिसायला तुझीच पद्धत सगळ्यात सुटसुटीत. पण पहिलं फील्ड उजव्या टोकाला बसवायचं की डाव्या, हे सी भाषेच्या मानकानं कंपायलरवर सोडलेलं आहे. तुझ्या लॅपटॉपवर बरोबर बसेल, दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर उलटं.

त्याहून मोठी अडचण दुसरी. तू 'मोड = ३' लिहितोस तेव्हा कंपायलर गुपचूप पूर्ण रजिस्टर वाचतो, त्यातले चार बिट बदलतो आणि पूर्ण परत लिहितो. साध्या मेमरीत हे निर्धोक. हार्डवेअरच्या काही रजिस्टरांत मात्र '१ लिहिला की पुसलं जातं' असा उफराटा नियम असतो. पीसीआय घे. तिथे कमांड रजिस्टर हेक्स ४ वर आहे आणि स्टेटस ६ वर. दोन्ही १६ बिटांची, एकाच ३२ बिटांच्या शब्दात शेजारी शेजारी. स्टेटसमध्ये चुकांच्या खुणा असतात, उदाहरणार्थ पंधरावा बिट म्हणजे पॅरिटीची चूक आढळली, आणि त्या पुसायच्या असतील तर तिथे १ लिहायचा. आता कुणी ३२ बिट एकदम वाचले, कमांडमधला एक बिट बदलला आणि सगळं जसंच्या तसं परत लिहिलं. चुकीची खूण म्हणून जो १ वाचला होता तोच परत लिहिला गेला, आणि खूण पुसली गेली. पुरावा आपणच नष्ट केला, तोही दुसरंच काही करायला गेलो असताना.

म्हणून ड्रायव्हरमध्ये वाचणं कुठे आणि लिहिणं कुठे हे डोळ्यांना दिसलं पाहिजे : रीडएलनं एकदा वाच, हातातल्या चलात हवे ते फेरफार कर, रायटएलनं एकदा लिही. स्टेटससाठी फक्त पुसायचे तेवढेच बिट लिही, वाचलेलं परत नको. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिही, नाहीतर मार्क जातील.

प्रश्न : आमची चिप आय-टू-सीवर, म्हणजे दोन तारांच्या जोडणीवर, आहे. प्रत्येक रजिस्टरासाठी वाचा-बदला-लिहाचे फंक्शन आम्ही स्वतः लिहिले आहेत. सोपा मार्ग आहे का? आणि जेनमास्कमध्ये मोठा आकडा आधी की लहान? माझा दर वेळी घोळ होतो. — एक वाचक, रावपुरा

उत्तर : रेगमॅप, म्हणजे रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याची तयार सोय, वापरा. लिनक्समध्ये २०११ पासून आहे. आय-टू-सी असो की एसपीआय, जोडणी खाली झाकली जाते, वाचा-बदला-लिहाला रेगमॅप_अपडेट_बिट्स हे तयार फंक्शन मिळतं आणि दोघांनी एकदम लिहू नये म्हणून कुलूपही तोच लावतो. तुमची निम्मी फाइल गळून पडेल.

जेनमास्कमध्ये मोठा आधी, डेटाशीटमध्ये ७:४ छापतात तसा. उलटं लिहिणारे इतके निघाले की आता कर्नलमध्ये स्थिर आकड्यांसाठी कंपाइल करतानाच तपासणी होते. तरी सवय लावून घ्या. पण रेगमॅपच्या रेग_फील्ड मॅक्रोमध्ये याच्या नेमकं उलट : रजिस्टर, मग लहान, मग मोठा. मी दोन्ही एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेत.